डावा हात घेऊन जालन्याला

जालन्याला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या चिपळूणकडची माणसं आधी विचारतात, "तिकडे आहे काय?" मग विचारतात, "पाणी होतं का?" ही दोन उत्तरं मला जमतात. त्यानंतर कोणीतरी हमखास विचारतं, "आणि हात बरा झाला का?" तिथे मी अडकतो. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहून काढतो आहे. वाचणाऱ्याला उलगडा झाला तर त्याने मलाही सांगावा.

मी शिर्के, एसटीच्या लाल गाडीचा ड्रायव्हर. बावीस वर्षं घाटातल्या गाड्या चालवल्या. दसऱ्याच्या सुमारास मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची बारीकशी गाठ अडकली आणि डावा हात लुळा पडला. ताकद महिन्याभरात परत आली. बादली उचलतो, नारळ सोलतो, सगळं करतो. पण डोळे मिटले की डावा हात नाहीसा होतो. पोटावर आहे की उशीखाली, काही कळत नाही. चष्मा शोधावा तसा डोळे उघडून शोधावा लागतो. इतर कुणाला याने फारसं अडणार नाही. पण ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर असतात आणि गिअर डाव्या हाताला असतो. घाटात गिअरकडे बघून गिअर टाकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. गाडीवर परत चढायचं तर डॉक्टरी तपासणी पास व्हायला हवी होती, आणि ती महिन्यावर आली होती.

अशात रामेश्वरचा फोन आला. रामेश्वर अकरा वर्षं माझ्या गाडीवर कंडक्टर होता. गाव बदनापूर, नोकरी चिपळूण. शेवटी बदली घेऊन तो आपल्या मुलखात गेला. कंडक्टरला आम्ही ड्रायव्हर लोक मास्तर म्हणतो, म्हणून तो अजूनही माझा मास्तरच.

"दादा, जालन्यात एक डॉक्टर मॅडम हायेत," तो म्हणाला. "डोक्याला चुंबक लावून हात दुरुस्त करून राह्यल्या. या जल्दी. राहायचं आमच्याकडं."

बदनापूर

संभाजीनगरहून पॅसेंजरने सकाळी बदनापूरला उतरलो. जानेवारीची थंडी. आमच्याकडे थंडी अंगाला चिकटते, इथे ती कोरडी, कानाला चावणारी. फलाटावर रामेश्वर मफलर गुंडाळून उभा होता. पाया पडायला वाकला आणि वाकतावाकताच त्याने विचारलं, "दादा, सामान?"

"हे काय," म्हणत मी डावा हात पुढे केला.

मूठ घट्ट आवळलेली होती. मुठीत काहीच नव्हतं.

गाडी हलली होती. मी डब्यातून पिशवी घेऊन उतरलो होतो, याबद्दल माझी खात्री होती. पिशवीचा बंद बोटांत रुतलेला मला जाणवत होता, अगदी फलाटावरसुद्धा. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या एका बाईने "ओ मामा, पिशवी!" म्हणून ती फलाटावर भिरकावली. वहिनींसाठी आणलेल्या कोकम सरबताच्या दोन बाटल्या आत होत्या. त्यातली एक फुटली. घरी पोचलो तेव्हा माझी विजार गुडघ्यापासून खाली लाल झालेली, आणि रामेश्वरच्या बायकोने, शोभावहिनींनी, दारातच किंकाळी फोडली.

"रक्त न्हाई गं, सरबत हाय," रामेश्वर म्हणाला. "प्यायचं व्हतं, ते दादांनी नेसलंय."

दुपारी जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा. पाला कच्चाच, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट आणि तेल. आमच्याकडे कच्चा पाला गुरांपुढे टाकतात. इथे मी दोनदा मागून घेतला. भात काही दिसेना. शेवटी न राहवून विचारलं.

"भात आमच्यात आजारी माणसाला करत्यात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आजारी हायेत का?"

 वहिनी माझ्याकडे बघत बोलत होत्या आणि त्यांचे हात परातीत भाकरी थापत होते. हातांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. भाकरी मात्र गोल होत होती. मी जेवण विसरून तेच बघत बसलो.

जालना

बदनापूर ते जालना रस्ता जवळजवळ सरळ रेषेत. दोन्ही अंगांना काळी जमीन, ज्वारी, मोसंबीच्या बागा. आमच्या घाटातला ड्रायव्हर अशा रस्त्यावर झोपेल. मी वडाप जीपमध्ये, सीटवर भाडं घेणाऱ्या, पुढे बसून जीपवाल्याचा डावा हात बघत होतो.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. जालन्याच्याच, बाहेर शिकून परत आलेल्या. त्यांनी आधी पुष्कळ विचारलं. डोक्यात कुठे धातूची पट्टी, छातीत यंत्र, कधी फिट आली होती का? मग रबरी टोपी घालून तिच्यावर पेनाने खुणा केल्या. यंत्र म्हणजे कपाटाएवढा खोका, आणि त्याला जाड वायरने जोडलेली काळी चकती. एक नव्हे, दोन चकत्या, एकमेकींना चिकटलेल्या तव्यांसारख्या. कानात बोळे घालून ती जोडी त्यांनी माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला टेकवली.

टक्.

कोणी टिचकी मारावी तेवढंच डोक्याला जाणवलं. पण मांडीवर ठेवलेल्या माझ्या डाव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला.

"मी नाही हलवला," मी घाईने म्हणालो. शाळेत खोडी पकडल्यावर म्हणावं तसा.

"माहीत आहे," बाई हसल्या. "मी हलवला."

"पण तुम्ही तर डोक्यापाशी होतात."

"हात तिथूनच हलतो, शिर्के."

बावीस वर्षं मी समजत होतो की हात हातातून हलतो. संध्याकाळी हे रामेश्वरला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग आपण गाडी डोक्यानं चालवत व्हतो का काय?" दोघेही हसलो, पण माझं हसू लवकर आटलं.

रविवार सोडून रोज वीस मिनिटं, असे दहा दिवस यायचं होतं. तीन दिवस टक्-टक् ऐकण्यात गेले. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आज थोडी परीक्षा." त्यांनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली, डावा हात टेबलावर ठेवला, चुंबक स्टँडला अडकवलं आणि मोबाईल चित्रीकरणाला लावला. "मी 'आता' म्हटलं की मनगट वर उचलायचं आणि काय झालं ते सांगायचं."

"आता."

"गेलं वर," मी म्हणालो. "आता खाली आलं."

असं बऱ्याच वेळा झालं. अधूनमधून मी "नक्की सांगता येत नाही" म्हणालो, पण बहुतेक वेळा मनगट उचललेलं मला लख्ख जाणवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा डोळे मिटलेले असताना मला डावा हात सापडला होता. पट्टीच्या आत माझे डोळे भरून आले.

बाईंनी पट्टी सोडली. माझं मनगट टेबलाला रुंद, मऊ पट्ट्याने बांधलेलं होतं.

"हा कधी बांधलात?"

"सुरुवातीलाच. तुम्हाला स्पर्शही नीट कळत नाही ना, म्हणून समजलं नाही."

मी वाद घातला. मग त्यांनी चित्रीकरण दाखवलं. हात टेबलावर निपचित पडलेला आणि वर माझा आवाज, आनंदाने भरलेला: "गेलं वर… आता खाली आलं." जिथे मी "नक्की सांगता येत नाही" म्हणालो होतो, तिथे चुंबक बंद होतं. जिथे "गेलं" म्हणालो, तिथे सुरू होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. हात हलला हे आपल्याला दोन वाटांनी कळतं. एक बातमी हाताकडून परत येते. दुसरी मेंदू स्वतःच स्वतःला देतो, हुकूम सोडतानाच: मी सांगितलंय, म्हणजे झालंच असेल. माझ्या हाताकडून येणारी बातमी तुटली आहे, त्यामुळे माझा सगळा भरवसा दुसरीवर. आणि त्या दिवशी चुंबकाने त्या दुसरीलाच ढोसलं होतं.

"म्हणजे मला जे वाटतं ते खोटं?"

"वाटणं खरं आहे," बाई म्हणाल्या. "हलणं झालेलं नाही."

हे वाक्य घेऊन मी जीपमध्ये बसलो. बदनापूर कधी आलं ते कळलं नाही, पुढे जाऊन परत यावं लागलं.

पिंपळगाव रेणुकाई

रविवारी उपचाराला सुट्टी, म्हणून रामेश्वरने रजा टाकली आणि तो आणि वहिनी मला भोकरदनकडे घेऊन गेले. पिंपळगाव रेणुकाई हे वहिनींच्या मावशीचं, गयाबाईंचं गाव. रामेश्वरची जुनी छोटी गाडी. तो नुकताच चालवायला शिकलेला, दर गिअरला करकर. मी मागे बसून दात आवळत होतो.

शेतात आधी हुरडा झाला. गोवरीच्या आरावर ज्वारीची कोवळी कणसं भाजून गयाबाई ती दोन तळहातांत चोळत आणि हिरवे दाणे माझ्यापुढे ओतत. सत्तरीच्या बाई, हात खरखरीत. दुपारी सगळे रेणुकाईच्या देवळात गेलो. आरती सुरू झाली आणि संबळ वाजू लागलं तशी गयाबाईंच्या खांद्यात एक थरथर उठली. मग दोन्ही हात वर गेले, मान घुमू लागली. बायकांनी पुढे होऊन हळदकुंकू लावलं, कोणी पाया पडलं. थोड्या वेळाने बाई खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि साध्या आवाजात पाणी मागितलं.

आमच्याकडेही हे आहे. शिमग्यात पालखी नाचवताना पालखी स्वतःच ओढते, असं खांदा देणारे सगळे सांगतात. मीही खांदा दिलेला आहे. पालखीने मला ओढलं होतं, की मी पालखीला? तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता. आता पडला. म्हणून देवळाच्या ओट्यावर मी गयाबाईंना धीर करून विचारलं, "मावशी, रागावू नका. हात तुम्ही हलवता, का तो हलतो?"

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला.

"म्या कशाला हालवू बाबा? आई हालवती."

"मग तुम्हाला कळतं का, हात कुठं आहे ते?"

"तव्हा न्हाई कळत." खांदा चोळत त्या पुढे म्हणाल्या, "पर घरी गेल्यावर दुखतो ना, तव्हा तो माझाच असतो."

वहिनींनी हसून त्यांना तेल लावायचं कबूल केलं. मी मात्र तिथेच बसून राहिलो. डॉक्टरबाईंनी हलवलेला माझा अंगठा दुखला नव्हता. न हललेलं मनगट उचलल्याचा आनंद मात्र मला झाला होता. यातलं माझं काय?

शहागड

पुढच्या आठवड्यात खरंच फरक पडू लागला. डोळे मिटून डाव्या हाताचं बोट नाकाला लावलं तर बहुतेक वेळा लागत होतं. बाई खूश होत्या. पण त्यांनी बजावलं, "सुधारणा आहे. तरी गाडी नाही. मी सांगेपर्यंत बिलकुल नाही." मी मान हलवली.

नववा दिवस बुधवार. रामेश्वरची साप्ताहिक सुट्टी होती. उपचार आटोपून तो मला शहागडला गोदावरी दाखवायला घेऊन गेला. अंबड मागे पडलं, ऊस दिसू लागला. शहागडला हमरस्त्यावर ट्रकांची रांग, टायरची दुकानं, भजी तळणाऱ्या गाड्या. त्या गलबल्यातून एक कच्ची वाट नदीकडे उतरते. आमच्या नद्या धावतात, ही पसरून बसलेली. मी पाण्यात उतरलो. डाव्या पंजाला गार लागलं. खरंच लागलं, की पाणी दिसलं म्हणून लागलं, ते पुन्हा डोळे मिटून तपासलं. लागत होतं.

परत निघताना मी रामेश्वरला म्हणालो, "मास्तर, चावी दे."

"न्हाई दादा. मॅडमनी सांगितलंय."

"फक्त या वाटेने वर, हमरस्त्यापर्यंत. तिथं तू घे."

 अकरा वर्षं तो माझ्या पाठीमागे उभा राहून तिकिटं फाडत होता, मुसळधार पावसात, धुक्यात. माझ्या हातावर त्याने कधी शंका घेतली नव्हती. त्याने चावी दिली. ती मागायला नको होती, हे आज कळतं.

पहिला, दुसरा, तिसरा. करकर नाही, गचका नाही. रामेश्वर म्हणाला, "वा दादा!" मी गाणं म्हणायचंच तेवढं बाकी होतं. हमरस्त्याच्या आधी चढ आहे आणि चढानंतर लगेच डांबरी रस्ता. चढाला लागताच मी क्लच दाबला आणि दुसरा टाकला. दांड्याची मूठ तळव्याला लागली, दांडा मागे आला, खटकन बसला. हे सगळं मला लख्ख जाणवलं. क्लच सोडला. गाडीने दोन हिसके खाल्ले, त्यांतच वर चढली आणि पुढची चाकं हमरस्त्यावर गेलेली असताना बंद पडली.

उजवीकडून ट्रक येत होता. त्याच्या ब्रेकची किंकाळी मला अजून ऐकू येते. रामेश्वर "दादा!" म्हणून ओरडला. ट्रक बॉनेटपासून हातभर अंतरावर, तिरका होऊन थांबला.

ट्रकवाला उतरला. पोरसवदा होता, माझ्या मुलाच्या वयाचा. घामाने निथळत होता. खिडकीत वाकून म्हणाला, "चाचा, गाडी चलानी नहीं आती तो बैठते क्यों हो?"

बावीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मी खाली पाहिलं. दांडा तिसऱ्यातच होता. माझा डावा हात मांडीवर पालथा पडलेला होता.

"क्लच अटक गया था भाई," रामेश्वर खोटं बोलला. त्याने हात जोडले, गाडी मागे ढकलली आणि मला दुसऱ्या बाजूला बसवलं.

चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. चहा दोघांचाही निवून गेला. मग रामेश्वर म्हणाला, "दादा, मी तुमच्याकडंच बघून राह्यलो व्हतो. क्लच दाबला तुम्ही. पर हात हललाच न्हाई."

"मी टाकला रे गिअर."

"न्हाई टाकला. पर तुमच्या तोंडावर…" तो थांबला. "गिअर पडल्यावर यायचं तेच समाधान व्हतं. मंग मलाबी वाटलं, पडला असंल."

पुन्हा जालना

दहाव्या दिवशी मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्याच. "एखाद्याचा जीव गेला असता," म्हणाल्या, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि त्यांनी एकेक गोष्ट परत विचारली. मूठ कशी लागली, खटका कुठे जाणवला, किती वेळ.

"हे चुंबकाने झालं का?" मी विचारलं. "का आजाराने? का बावीस वर्षांच्या सवयीने?"

"सकाळच्या चुंबकाचा परिणाम दुपारपर्यंत टिकणं अवघड वाटतं," त्या म्हणाल्या. "सवय असू शकेल. तिन्ही मिळूनही असेल. खरं सांगू का? मला माहीत नाही."

इतक्या शिकलेल्या माणसाकडून हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि भीतीही वाटली. बाईंनी अहवाल लिहिला: ताकद पूर्ण, स्थितीची जाणीव सुधारत आहे. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. वाहन चालवण्यास योग्य की अयोग्य?

"मॅडम, अयोग्य लिहा," मी म्हणालो.

"काही महिन्यांनी कदाचित…"

"तेव्हा तेव्हाचं बघू. आज अयोग्य."

स्टेशनवर सोडायला आलेल्या रामेश्वरने मोसंब्यांची पिशवी माझ्या उजव्या हातात दिली. वहिनींनी धपाटे बांधून दिले होते. ते संभाजीनगर येईपर्यंत संपले.

चिपळूण

आठवड्याने डेपोत गेलो. साहेबांनी माझ्या तपासणीचा फॉर्म काढला आणि अहवाल वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "शिर्के, ताकद पूर्ण म्हणतात, सुधारणा म्हणतात आणि खाली अयोग्य? हात हलतो ना?"

"हलतो साहेब."

"मग?"

"कधी कधी न हलताही हलतो."

"म्हणजे काय?"

"तेच मलाही नीट कळलेलं नाही."

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं. हलतो आणि हलत नाही, दोनच रकाने होते. बाहेर दापोलीची गाडी लागली होती, नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, साहेब आता एका रकान्यात खूण करून मला वाटेला लावतील. पण त्यांनी फॉर्म उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर माझं नाव लिहिलं आणि पेन धरून माझ्याकडे पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "सावकाश सांगा."